डिस्क्राय

आज रविवार, साडेपाचला उठून दादाबरोबर सिंहगडावर गेले, पायथ्यापासून चालत. पाय जाम दुखतायत. पण लिहायचंय ते गडाबद्दल कमी आणि मंगळवारपासून डोक्यात अडकलेल्या एका शब्दाबद्दल जास्त.

जहाजांची एक जुनी इंग्रजी गोष्ट वाचत होते, त्यात खलाशाने बेट 'डिस्क्राय' केलं असं आलं. मला आधी वाटलं डिस्क्राइबच असणार, छापायची चूक. मग वाटलं डिक्राय, म्हणजे निंदा, पण त्या बेटाने कोणाचं काय घोडं मारलंय! शेवटी डिक्शनरी उघडली, तर अर्थ असा की लांबचं, धूसर काहीतरी नजरेला लागणं. आणि गंमत म्हणजे डिक्राय त्याचा सख्खा भाऊच निघाला, दोघंही जुन्या फ्रेंचमधल्या ओरडून जाहीर करण्याच्या एकाच क्रियापदातून आलेत, आणि स्फटिकाच्या गोळ्यात भविष्य बघतात ते 'स्क्राय' म्हणजे ह्याचाच शेंडा छाटलेला.

तर आज कल्याण दरवाज्यापाशी उभे होतो, समोर नुसतं धुकं. दादा म्हणतो, तो बघ राजगड. कुठे? अगं तो काय, बोटाच्या रेषेत बघ! माझा चष्म्याचा नंबर साडेचार, त्यात काचेवर दव, ओढणीने पुसली तर अजूनच फरकटलं. मग मधेच धुक्यात एक जरा गडद कड जाणवली, तिच्यावर बालेकिल्ल्याचा उंचवटा, आणि उजवीकडे सरकले तर तोरणा, १४०३ मीटरचा एवढा धिप्पाड गडी, इतका वेळ तिथेच होता. मी ओरडलेच, दिसला!

उतरताना तेच घोळत होतं. आपण म्हणतो 'मला तोरणा दिसला', म्हणजे काम तोरण्याने केलं, मी आपली 'मला' होऊन बाजूला उभी. इंग्रजीतल्या त्या शब्दात डोळ्यांची मेहनत माझ्या नावावर लागते. हेरणं जवळचं आहे, पण त्याला हेतूचा वास येतो, सावज हेरतात, गिऱ्हाईक हेरतात, डोंगर कोण हेरेल? आणि टेहळणी म्हणजे नुसतं बघत राहणं, त्यात काही दिसलंच पाहिजे असं नाही.

दादाला हे सगळं ऐकवलं, पूर्ण अर्धा डोंगर उतरेपर्यंत. तो म्हणाला, बरं, आता खाली गरम भजी कुठे मिळतायत ते डिस्क्राय कर.