वळचणीचे पाणी आढ्याकडे

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण लहानपणापासून कानावर पडलेली होती. त्यामुळेच असेल कदाचित, पण ऐन हिवाळ्यातील एका सकाळी बैठकीच्या खोलीच्या छतावर, बाहेरच्या भिंतीलगत, चहा सांडल्यासारखा ओला डाग दिसला तेव्हा हे पाणी छपरावर खालून वर चढून आले असेल अशी शंकादेखील मला आली नाही. बाहेर तापमान शून्याखाली दहा अंश होते आणि पाऊस पडून कित्येक आठवडे उलटले होते. पाण्याची नळी फुटली असावी असे वाटले, पण त्या बाजूला नळीच नव्हती.

अंगणात जाऊन वर पाहिले, तेव्हा उलगडा होऊ लागला. छपराच्या खालच्या काठावर, पन्हळीला धरून, वीतभर जाडीचा राखाडी बर्फाचा कठडा तयार झाला होता आणि त्याच्याखाली हातभर लांबीचे सुळके लोंबत होते. त्या कठड्याच्या वरच्या बाजूचा हिम लांब काठीने थोडा उकरला, तर आत घट्ट बर्फ नव्हता. गार, स्वच्छ पाणी तुंबलेले होते. इंग्रजीत याला आइस डॅम म्हणतात, आणि धरण हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

एवढ्या थंडीत पाणी आले कोठून, हा खरा प्रश्न होता. उन्हाने थोडा हिम वितळतो हे खरे, पण माझ्याकडे तर चार दिवस ऊनच पडले नव्हते. घरातील ऊब माळ्यावर निसटते, छपराच्या फळ्या खालून तापतात आणि त्यांना टेकलेला हिमाचा थर तळातून वितळू लागतो. वरचा हिम मात्र तसाच राहतो आणि त्यात कोंडलेल्या हवेमुळे खालच्या फळ्यांवर दुलईसारखे पांघरूण घालतो. वितळलेले पाणी उतारावरून खाली येते. परंतु वळचण ही भिंतीच्या बाहेर आलेली असते, तिच्याखाली उबदार खोली नसते, म्हणून काठाशी पोचताच ते पाणी पुन्हा गोठते. असे थरावर थर चढून बांध उभा राहतो आणि मागून येणारे पाणी अडते. शिंगल (छपरावर बसवायच्या पातळ चकत्या) असोत की कौले, त्यांची एकावर एक चढवलेली रचना वाहत्या पाण्यासाठी असते. साचून वर सरकणाऱ्या पाण्यापुढे तिचा इलाज चालत नाही. पाणी सांध्यांतून आत शिरते आणि भिंतीच्या माथ्याशी छतात उतरते.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. शिडी लावली, हातोडी घेतली आणि बर्फ फोडू लागलो. थंडीत शिंगल काचेसारखे ठिसूळ होतात, त्यामुळे बर्फाच्या ढलप्यांबरोबर त्यांचेही तीन तुकडे खाली आले. त्यांच्यापाठोपाठ एक सुळका माझ्या खांद्याला चाटून गेला, तेव्हा मी शहाणा होऊन उतरलो. बादलीभर गरम पाणी ओतण्याचा विचारही मनात येऊन गेला होता. पण एक किलो बर्फ वितळवायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे तेवढेच पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापवण्याइतकी. शिवाय ओतलेले पाणी काठावर पुन्हा गोठून बांधातच भर घालते.

तातडीचे उपाय त्या मानाने साधे निघाले. जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याच्या हिम ओढण्याच्या फावड्याने काठापासून तीन-चार फुटांपर्यंतचा हिम उतरवला, म्हणजे बांधाला नवे पाणी मिळणे कमी झाले. (दांडा अॅल्युमिनियमचा असेल तर विजेच्या तारा कोठून जातात हे आधी पाहावे.) जुन्या लांब मोज्यांत कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरून ते मोजे उताराच्या दिशेने, बांध ओलांडून जातील असे ठेवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्याखाली चर पडून तुंबलेले पाणी वाहू लागले. यासाठी साधे मीठ वापरू नये; कडाक्याच्या थंडीत त्याचा प्रभाव पडत नाही आणि पन्हळीच्या पत्र्याला गंज चढतो तो वेगळाच. घरात छताचा रंग पाण्याने फुगला होता, तिथे त्या भागातील दिव्याची वीज बंद करून, खाली बादली ठेवून, पेचकसाने मुद्दाम एक बारीक भोक पाडले. चांगल्या छताला भोक पाडणे जिवावर येते, पण पाणी पसरून सगळे छत कोसळण्यापेक्षा ते बरे. बांध फारच मोठा असेल तर वाफेने तो कापणारे कारागीर बोलवावेत.

छपराचे काम करणारे एक गृहस्थ मोडलेले शिंगल पाहायला आले, तेव्हा त्यांनी छपराकडे नीट पाहिलेही नाही. “माळ्यावर गेला होतात का?” एवढेच त्यांनी विचारले. मी गेलो नव्हतो.

माळ्याच्या झडपेतून डोके वर काढले आणि गालाला ऊब लागली. तिथे गारठा असायला हवा होता. न्हाणीघरातील दमट हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची लवचीक नळी निखळून माळ्यातच पडली होती, आणि वळचणीजवळ फळ्यांतून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर दहिवराचे पांढरे बोंड आले होते. पेटवलेली उदबत्ती एकेका फटीजवळ धरत गेलो, तसतसा धूर कोठे ओढला जातो ते दिसले: छतातील दिव्यांभोवती, मलवाहिनीच्या वायुनळीभोवती, धुराड्याच्या बाजूने आणि सर्वांत जास्त त्या झडपेच्या कडेने, जिला साधी रबराची पट्टीही नव्हती. लोक थेट उष्णतारोधक लोकरीचा थर वाढवायला निघतात, पण फटी तशाच ठेवून वर लोकर पसरली तर ऊबदार हवा तिच्यातूनही वर जाते. म्हणून आधी फटी बुजवल्या. धुराड्याभोवती मात्र फटी भरायचा फुगणारा फेस न वापरता पत्रा आणि आगीला टिकणारा लेप लावला. पंख्याची नळी छपराबाहेर काढली. मगच लोकर घातली, तीही वळचणीखालच्या हवेच्या झरोक्यांवर येऊ न देता, कारण तेथून शिरलेली गार हवा आढ्याजवळून बाहेर पडत राहिली तरच छपराच्या फळ्या गार राहतात. काठावर उष्णतेच्या विजेच्या तारा नागमोडी बसवण्याचा सल्लाही मिळाला होता. तो मी घेतला नाही, कारण आतून निसटलेल्या उष्णतेवर बाहेरून आणखी उष्णता विकत घेण्यासारखेच ते होते.

यंदा हिम पडल्यानंतर मी रोज सकाळी अंगणात उभा राहून छपराकडे पाहतो. शेजारच्या छपरावर आढ्याकडचा भाग लवकर काळा पडतो, माझ्या छपरावरचा पांढरा थर जवळजवळ सारखा आहे. फक्त झडपेच्या वर एक ताटाएवढा गोल डाग अजून वितळतो. रबराची पट्टी एका कोपऱ्यात सुटली असणार. रविवारी वर चढून पाहीन.