आधी सोडून या, असं आम्ही म्हणत नाही

आमच्याकडे मन मोकळं करायला येण्यासाठी आधी दारू किंवा गर्द सोडावी लागत नाही. कुर्ल्यातलं आमचं छोटं समुपदेशन केंद्र याच एका गोष्टीसाठी सुरू झालं.

मी आणि माझी भागीदार, दोघी आधी नोकरीत होतो. तिथे रोज एकच प्रकार दिसायचा. नैराश्याने खचलेला माणूस यायचा, तोंडाला वास आला की त्याला सांगितलं जायचं, 'आधी दारू सोडा, मग बघू.' तो पुन्हा यायचा नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्या 37 जणांसाठी दार कुठे आहे, हा आमचा प्रश्न होता.

पूर्ण व्यसनमुक्तीला आमचा विरोध नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून किती घरं सावरली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ज्याला पूर्ण सोडायचंय, त्याला आम्हीच अशा ठिकाणी पाठवतो. पण उपचारासाठी भरती होऊन नाक्यावरच्या मजुराने महिनाभर खाडा केला तर घरी चूल पेटत नाही. त्याचं दुःख मात्र आजचं असतं.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही विचारतो, 'दादा, पिल्यावर काय बरं वाटतं?' गटारात उतरणारा कंत्राटी कामगार सांगतो, 'त्याशिवाय उतरवतच नाही.' माणसाला मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा. काम अजून चालू आहे, आणि ते कोणत्या जातींच्या वाट्याला येतं हे सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाला फक्त मनोनिग्रह शिकवणं हा मला अन्याय वाटतो. त्याच्याशी आम्ही मुकादमाबद्दल बोलतो, घरी अंगाला येणाऱ्या वासाच्या शरमेबद्दल बोलतो. मग तोच कधी म्हणतो, कामानंतरची क्वार्टर कमी करून बघतो. जेवून पिणं, मध्ये एक दिवस सोडणं, हेही आमच्या लेखी यश आहे.

गर्द घेणाऱ्यांशी बोलणं आणखी स्पष्ट असतं. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. एकट्याने घेऊ नका, सुई दुसऱ्याची वापरू नका, सरकारी केंद्रात गर्दऐवजी घ्यायच्या बुप्रेनॉर्फिन या औषधाच्या गोळ्या मिळतात, हे आम्ही स्वच्छ सांगतो. तृतीयपंथी ताईंच्या बाबतीत ओळखपत्र आणि भाड्याची खोली हेही उपचाराचेच विषय असतात.

2020 ची टाळेबंदी आम्ही विसरणार नाही. दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फोन यायचे, हात थरथरतायत, झटका आला, नाही ती माणसं दिसतायत. आम्ही एकच सांगायचो, वाट बघत बसू नका, रुग्णालयात न्या. तेव्हापासून अचानक बंद करण्याचा धोका आम्ही पहिल्याच भेटीत समजावतो, आणि ओळखीच्या डॉक्टरांशिवाय कुणाची दारू सोडवायला घेत नाही.

पैशांचं गणित कठीण होतं, अजून आहे. संध्याकाळी बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, कार्यालयांतून येणारे पूर्ण फी देतात. वस्तीतला माणूस परवडेल ते देतो, नसेल तेव्हा देत नाही. त्या पूर्ण फीवर भाडं निघतं. मनुष्यबळाचा मार्ग गोव्याने दाखवला. तिथे संगाथ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी मोजक्या भेटींत अतिमद्यपान करणाऱ्यांना मदत केली आणि तिचा उपयोग झाला, हे 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आम्हीही वस्तीतली माणसं तयार केली. त्यांतला एकजण पूर्वी स्वतः गर्द घ्यायचा. त्याच्यासमोर लोक खोटं बोलत नाहीत. त्याला आम्ही मानधन नाही, पगार देतो.

सध्या तळमजल्यावर जागा शोधतोय. सुईच्या जखमांनी पाय सुजलेल्यांना आमचा जिना चढवत नाही. दोन घरमालकांनी कोण येतं ते ऐकून नकार दिला. तिसऱ्यांशी बोलणं चालू आहे.