तुम्ही विचारलंत म्हणून: मुशीचं डोकं आणि मी

लग्नात, बारशाला, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा एकच प्रश्न. माणसाचा मेंदू सोडून मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, मेंदूतल्या गाबाच्या पेशी कशाला शोधतेस, उपयोग काय? आत्या तर त्यापुढे "पगार देतात ना गं?" असंही विचारते. देतात, कधीकधी.

दरवेळी "चालूय काहीतरी" म्हणून मी सटकते. आज सटकत नाही.

गाबा म्हणजे मेंदूतलं 'गप्प बस' सांगणारं रसायन, एवढं तुम्हाला मी दहा वेळा ऐकवलंय. पण मुशीचं पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. मुशीला दुसऱ्या प्राण्याच्या अंगातली बारीकशी वीज कळते, पण तिचे स्वतःचे कल्ले हलतात त्याचीही वीज होतेच की, मग स्वतःच्या श्वासाचा गोंगाट वजा केल्याशिवाय वाळूत दडलेला मासा तिला कळणार कसा? पाकटाच्या जातभाईंवर यावर बरंच काम झालंय, आणि या वजाबाकीत गप्प बसवणाऱ्या पेशींचा हात आहे. लहान मेंदूतल्या (सेरेबेलम) मोठाल्या पर्किंजी पेशी तर पुढे जो निरोप देतात तो 'थांब' एवढाच, मुशीत, कोंबडीत, तुमच्या-माझ्यात. आपली आणि मुशीची वाट वेगळी होऊन ४० कोटींहून जास्त वर्षं झाली तरी हे टिकलंय. मला यात मजा वाटते. बास, हाच उपयोग.

नाही, बास नाही. खरं सांगायचं तर आता त्यात हट्टही आहे, आणि तो कुठून आला ते मी घरीही धड सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी पहाटे पाचला ससून डॉकला जायचे. कोळीणमावशी म्हणायच्या, "डोकं काय करतंस गो, मुशी घे अख्खी, कालवण कर." डोकी बर्फात घालून लेडीज डब्यातून न्यायची, शेजारच्या बायका नाकाला पदर लावायच्या. मुशीची कवटी कुर्चेची, स्काल्पेलने खरवडली की मेंदू अलगद निघतो, तेवढं एक सुख. गाबा हा इवलासा रेणू, त्याला जागच्या जागी धरून ठेवायला ग्लूटाराल्डिहाइड लागतं, मग काप काढायचे, गाबाला चिकटणारी अँटिबॉडी घालायची, तिच्यावर चमकणारा रंग चढवायचा, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. आणि दिसलं! पर्किंजी पेशींची हिरवीगार रांग. त्या रात्री मी आईला फोटो पाठवला, तिने देवाला साखर ठेवली.

एक स्लाइड अँटिबॉडी न घालता ठेवायची असते, कंट्रोल म्हणून. तीही चमकली तर ती चमक गाबाची नाही, बारावीच्या पोरालाही कळेल असं कारण आहे. मी ठेवली नव्हती. अँटिबॉडी महाग होती, बाटलीत थोडीच उरली होती... हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं, आज लिहिताना लंगडंच वाटतंय, कारण कंट्रोलमध्ये अँटिबॉडी जातच नाही, वाचवायचं काय होतं? मला बहुतेक बघायचंच नव्हतं.

मग सेमिनार. हिरवी रांग पडद्यावर. मागच्या बाकावरच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "कंट्रोल दाखवा ना." मी म्हटलं, पुढच्या वेळी. मग त्यांनी विचारलं, मासा मरून किती तास झाले होते? ट्रॉलरचा माल, मला कुठून माहीत! मेल्यावर मेंदूत गाबा वाढत जातं हे मी वाचलेलं होतं, वाचून बाजूला ठेवलेलं होतं. खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल केला. तोही हिरवागार, तीच रांग. ग्लूटाराल्डिहाइड स्वतःच चमकतं आणि मोठ्या पेशी जास्त उठून दिसतात, म्हणजे आठ महिने मी त्या ग्लूटाराल्डिहाइडचेच फोटो काढत होते. आईला सांगितलं नाही. तिच्या मोबाइलवर तो फोटो अजून आहे.

त्यांनी एकटीला बोलावून सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं. आणि बरं झालं सगळ्यांसमोर विचारलं, असंही वाटतं. रोज वेगळं वाटतं.

आता गाबा नाही, ते बनवणारं एन्झाइम शोधते, गॅड. वर्सोव्याच्या एका नाखवाकाकांच्या होडीवर बाटली घेऊन जाते, जाळं वर आलं की तिथेच मेंदू काढून बाटलीत, मध्येच उलट्याही करते. काका म्हणतात, "पोरी, तुझ्यापेक्षा मुशी शांत." अडचण अशी की ही अँटिबॉडी सस्तन प्राण्यांच्या गॅडवर बेतलेली, मुशीत ती धरेल न धरेल. परवा स्लाइड बघितल्या. कंट्रोल काळाकुट्ट, हवा तसा. शेजारची खरी स्लाइडही काळीच, फक्त एका कोपऱ्यात चार-पाच ठिपके आहेत. ते मी चार वेळा बघितले. उद्या परत बघणारे.