पाटीवरचे ११५ व्होल्ट

फोनवरून दिलेला माझा एक सल्ला या पावसाळ्यात एका गृहस्थांना महागात पडला. त्यांनी त्याबद्दल मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि बहुधा म्हणूनच ते प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

लालबागला माझे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे दुकान आहे. पंप, पंखे, मिक्सर आणि गिरणीच्या मोटारी हे रोजचे काम. मोटार का जळली याचे अर्धे उत्तर ती उघडण्याआधी नाकालाच मिळते, एवढे सांगितले तरी या धंद्याची बरीचशी ओळख होते.

हे गृहस्थ दादरला राहतात. निवृत्त आहेत आणि टेबलावर ठेवून वापरायची जुनी, छोटी धुलाई यंत्रे जमवतात. त्यांच्याकडे आता पाच आहेत. त्याशिवाय १९४८ साली हूवर कंपनीने वेल्समधल्या मर्थर टिडफिल येथे बनवायला घेतलेल्या यंत्रांपैकी एक आहे. ते टेबलावर मावत नाही, पण त्याची फिरणारी चकती टबाच्या तळाशी नसून बाजूच्या भिंतीत आहे, या एका गोष्टीवर त्यांनी ते घेतले. जुन्या वस्तू जमवणारे लोक मला फारसे आवडत नाहीत, कारण वस्तू चालते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, तिचा रंग मूळचा आहे की नाही एवढेच ते पाहतात. हे मात्र त्यांतले नव्हेत. आठवड्यातून एकदा मोरीजवळच्या स्टुलावर पाळीपाळीने एकेक यंत्र मांडून ते घरचे पंचे, रुमाल आणि बनियन त्यात धुतात, रबरी रुळांमधून पिळून काढतात आणि साबणाचे पाणी नळीने मोरीत सोडतात.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. चोरबाजारात त्यांना एक अमेरिकन यंत्र मिळाले होते. एनॅमलचा टब, खाली पट्ट्यावर चालणारी छोटी मोटार आणि तिच्या पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तने). आपल्याकडच्या विजेवर ते कसे चालवावे, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या कोणीही ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या म्हणून सांगितले असते. मी त्यापुढे गेलो. आपली वीज ५० सायकलची आहे, तेव्हा ६० सायकलच्या मोटारीला पूर्ण व्होल्टेज दिले तर तिचे लोखंड प्रमाणाबाहेर तापते, व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवून ९६च्या आसपास ठेवायला हवे, म्हणून जपानी उपकरणांसाठी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळतो तो लोहार चाळीतून आणा, असे मी त्यांना समजावले. हिशेब बिनचूक होता. फोन ठेवताना मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहून टाकतो.

जुलैत ते स्वतःच मोटार पिशवीत घालून टॅक्सीने दुकानात आले. मी सांगितलेला ट्रान्सफॉर्मर लावल्यावर मोटार नुसती घुमत होती, वेग घेत नव्हती. जुने ग्रीस सुकले असेल, फिरता फिरता मोकळी होईल, असे समजून त्यांनी दोन-तीन मिनिटे ती चालू ठेवली आणि तेवढ्यात धूर आला. उघडून पाहिले तर मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारी स्टार्टिंग कॉइल कोळसा झालेली होती. सेंट्रीफ्युगल स्विच मात्र ठीक होता. मोटार पुरेसा वेग घेते तेव्हा हा स्विच स्टार्टिंग कॉइलचा पुरवठा तोडतो, कारण ती कॉइल काही सेकंदांपुरतीच बनवलेली असते. येथे तो वेगच आला नव्हता.

का आला नव्हता, हे मला स्लॉटच्या, म्हणजे तार बसवायच्या खाचांच्या, तोंडाशी बसवलेल्या पाचरांनी सांगितले. त्या बांबूच्या होत्या. अमेरिकन कारखाना बांबूच्या पाचरी मारत नाही. त्या आपल्याकडचे वाइंडर मारतात, माझ्याही दुकानात चाकूने तासलेल्या पाचरींचा डबा असतो. म्हणजे ही मोटार केव्हातरी इथेच भरून घेतलेली होती. मी रनिंग कॉइल, म्हणजे सतत चालू राहणारी मुख्य कॉइल, कापून तारेचे वेढे म्हणजे टर्न मोजले. स्टॅम्पिंगच्या, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांच्या, मापावरून ११५ व्होल्टला जेवढे टर्न निघतात, त्याच्या २.४ पट होते. तार २२ गेजची हवी तिथे २६ गेजची, म्हणजे अधिक बारीक होती. व्होल्टेज दुप्पट झाले म्हणून दोन पट आणि सायकल कमी झाली म्हणून त्यावर आणखी एक पंचमांश, असा त्या माणसाचा हिशेब होता. मोटारीचा वेग घटणार हेही त्याने धरले होते. त्यांनी यंत्र दाखवले तेव्हा दिसले की मोटारीवरची पुली लेथवर नवी उतरवलेली आहे आणि तिला जेवढी मोठी हवी तेवढीच मोठी केलेली आहे. इतके नेटके काम मी फार थोडे पाहिले आहे. त्याने एकच गोष्ट केली नाही, ती म्हणजे पाटी बदलली नाही.

म्हणजे २३० व्होल्टसाठी भरलेल्या मोटारीला माझ्या सांगण्यावरून १०० व्होल्ट मिळाले. फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे तिच्यात पाचवा हिस्साही जोर उरला नव्हता. नेहमीचा ११० चा ट्रान्सफॉर्मर आणला असता तरी ती जळलीच असती, फक्त माझ्या हुशारीने ती थोडी अधिक अडली.

मल्टिमीटर लावून वाइंडिंगचा रोध मोजला असता, तर तो अपेक्षेच्या जवळजवळ सहापट आला असता आणि पाटी खोटी बोलते हे तेव्हाच कळले असते. दोन मिनिटांचे काम होते. हाताखालच्या पोरांना मी रोज हेच ओरडून सांगतो.

मोटार मी पुन्हा त्याच टर्नांनी, त्याच गेजने भरली. पावसाच्या हवेत वार्निश लवकर सुकत नाही, म्हणून पत्र्याच्या डब्यात १०० वॉटचा दिवा लावून ती दोन दिवस ठेवली. दोन तारांची जुनी वायर काढून तीन तारांची घातली आणि टबाला अर्थिंग दिले. ओल्या हातांनी हाताळायच्या पत्र्याच्या टबाला अर्थिंग नसणे मला चालत नाही, मग ते मूळचे असो वा नसो. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन सरळ २३० व्होल्टवर यंत्र लावले. पहिल्या झटक्यात वेग आला, स्विचचा टक् असा आवाज ऐकू आला आणि टबातले चार पंचे शांतपणे डावी-उजवीकडे होऊ लागले.

पाटीवर मात्र आमचे जमले नाही. तिच्यावर २३० कोरावे असा माझा आग्रह होता, आणि पाटीला हात लावायचा नाही असे त्यांचे म्हणणे होते. अखेर मी टर्न, गेज आणि व्होल्टेज एका कागदावर लिहून, वार्निश लावून तो तळाच्या झाकणाच्या आत चिकटवला. झाकण काढल्याशिवाय तो कोणालाही दिसणार नाही.

“आधी कोणीतरी भरली होती, ते तुम्हाला तरी कसे कळणार?” असे म्हणत त्यांनी मजुरीचे पैसे पुढे केले. मी फक्त तारेचे आणि वार्निशचे घेतले, आणि उरलेले का नको ते सांगितले नाही.