आत्याच्या ओटीवरची एक रात्र

पुण्याहून गोव्याला गाडीने जायचे ठरले, तेव्हा वाट थोडी वाकडी करून रत्नागिरीला आत्याकडे मुक्काम करावा, हा आग्रह माझ्या पत्नीचा होता आणि त्यासाठी मी तिचा ऋणी आहे. कऱ्हाड, मलकापूर करत आम्ही आंबा घाट उतरलो. साखरपा मागे पडल्यावर हवा दमट झाली आणि जांभ्या दगडाचे गडगे दिसू लागले.

आत्या ओटीवर वाट पाहत उभी होती. "आधी पाय धुवा, मग बोलू," एवढेच म्हणाली आणि पाने वाढायला आत गेली. ऊन भात, कुळथाचे पिठले, वर आमसुलाचे सार. प्रवासाचा शीण त्यातच उतरला.

संध्याकाळी ती आम्हांला थिबा राजवाड्याकडे घेऊन गेली. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये, मायदेश पुन्हा न पाहता, राजा इथेच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र दिसतो. मुले परगावी असलेली आत्या तिथे बराच वेळ पत्नीचा हात धरून बसली होती, आणि तेव्हा मला दर वर्षी न येण्याची मनापासून खंत वाटली.

सकाळी निघताना तिने आंबापोळी, फणसाची साठे आणि आगळाची बाटली पिशवीत भरली आणि परतीच्या वाटेवरचा मुक्कामही ठरवून टाकला.