कानाचं मशीन घेताना मी काय काय विचारलं

हिअरिंग एडच्या दुकानात गेलात की पहिल्या पाच मिनिटांत समोर ब्रोशर येतं. आठ चॅनल, सोळा चॅनल, वीस चॅनल, ब्लूटूथ, एआय, आणि शेवटच्या पानावर दोन्ही कानांचा मिळून असा आकडा की तेवढ्यात बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येईल. मी ते ब्रोशर सरळ बाजूला ठेवलं, कारण तोवर माझ्या हातात ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा ग्राफ, होता आणि तो मला वाचता येत होता. कुणाला घ्यायचं असेल तर हेच सांगेन, आधी तो कागद समजून घ्या, मशीन नंतर.

कान कमी झालेत हे लक्षात यायला वेळ लागतो कारण आवाज येत असतो, शब्द कळत नसतात. माझं तेच. मित्रांचं बोलणं नीट कळायचं पण बायकोचं आणि नातीचं नाही, त्यावरून "माझंच बरं ऐकू येत नाही तुम्हाला" वगैरे जे व्हायचं ते झालंच. भाजीवाली साठ म्हणाली की मला आठ ऐकू यायचं. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, मग समजावलं की वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ हे सगळे नेमके तिथेच बसतात, आ-ओ-ऊ खालच्या पट्टीत असल्यामुळे शाबूत राहतात. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. टीव्हीचा आवाज वाढवून काही होत नाही ते यामुळेच, जे आधीच ऐकू येतंय तेच अजून मोठं होतं. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात पातळ, त्यामुळे ती कात्री तिथे पहिली लागते. (हे घरी येऊन सांगितलं, फारसं कुणाला पटलं नाही.)

पहिल्यांदा ईएनटीकडे जा, दुकानात नको. कानात मळ साठलेला असेल तर टेस्टच चुकीची येते, आणि अचानक एका दिवसात एका कानाचं ऐकू येणं गेलं असेल तर ती इमर्जन्सी असते, तिथे मशीन शोधत बसायचं नाही. मग साऊंडप्रूफ खोलीत बसून बीप ऐकला की बटण दाबायचं, नंतर कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र लावून परत तेच, त्यावरून कळतं की दोष आतल्या नसेचा आहे की मधल्या कानाचा. ग्राफवर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. माझी रेघ १००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीत, ठीक होती आणि वरच्या पट्टीत ४००० ला पार ६० डेसिबलला उतरलेली, म्हणजे तिथला आवाज तेवढा मोठा केल्यावरच ऐकू येत होता. घसरगुंडीच.

आता या घसरगुंडीमुळे अर्धे मॉडेल आपोआप बाद होतात बघा. कानात पूर्ण आत जाणारं, कुणाला न दिसणारं मशीन सगळ्यांनाच हवं असतं, मलाही हवं होतं, पण खालच्या पट्टीतलं ज्याला चांगलं ऐकू येतं त्याचा कान बुजला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायला लागतो. त्यामुळे मला कानामागे बसणारं, बारीक वायर आणि टोकाला भोकं असलेला मऊ रबरी डोम असलेलं, ज्याला ते आरआयसी म्हणतात, ते बरं पडलं. आणि ऑनलाइन दोन-तीन हजारांत जी मिळतात ती बहुतेक नुसती अॅम्प्लिफायर असतात, सगळंच सरसकट मोठं करतात, कुकरची शिट्टीसुद्धा.

दुकानातल्या शांत एसी खोलीत कुठलंही मशीन भारीच वाटतं. मी म्हटलं मला हे लावून खाली रस्त्यावर उभं राहायचंय. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणची मुलगी स्वतः सोबत आली, रिक्षांच्या आवाजात माझ्याशी बोलत उभी राहिली, आणि वर येऊन लॅपटॉपवर सेटिंग बदललं. मशीन मी तिच्याकडून घेतलं, ब्रोशरमधल्या मधल्या रेंजचं. चॅनल किती ते आता आठवतही नाही.

बाकी विचारायचं म्हणजे, समोरचा माणूस आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड ऑडिओलॉजिस्ट आहे की नुसता सेल्समन, पुढची ट्यूनिंग किमतीत धरली आहे का, आणि मशीन लॉक्ड तर नाही ना, कारण काही दुकानसाखळ्यांची मशीनं फक्त त्यांच्याच शाखेत प्रोग्रॅम होतात, गाव बदललं की बसा बोंबलत. कानात बारीक माईक घालून आवाज खरंच पडद्यापर्यंत किती पोचतोय ते मोजतात का हेही विचारा, बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत. हिअरिंग एडवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो दिसला तर विचारा. खर्च झेपत नसेल तर मुंबईत वांद्र्याला ऐकू कमी येणाऱ्यांसाठीची सरकारी अली यावर जंग संस्था आहे, आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाप्रमाणे फुकट किंवा कमी पैशात मशीन मिळतं.

मी चार्जिंगवालं न घेता सेलवालं घेतलं. ब्राऊन स्टिकरचा ३१२ नंबर, स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग घालायचा. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, घाम आणि दमट हवा ही त्याची शत्रू.

सुरुवातीला पेपरचं पान उलटलं तरी दचकायला होतं. सिंकमध्ये स्टीलचं ताट पडलं की अजून डोकं उठतं, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात असं मशीन देणारी ती मुलगी म्हणाली, आवाजही मुद्दाम थोडा कमी ठेवून ती हळूहळू वाढवणार आहे. पुढच्या फॉलोअपला ताटांचं सांगायचंय, आणि फोनवर बोलताना मशीन मध्येच शिट्टी मारतं त्याचंही.