हरळीच्या हिरवळीत नांग्या (रिकाम्या जागा) भरताना : 31व्या दिवसापर्यंतची नोंद

गेल्या हंगामात विरळ झालेल्या लॉनवर मी बी फोकलं, पाणी मारलं आणि वाट बघत बसले. उगवलं ते बोटांवर मोजण्याइतकं. यंदा त्याच 40 चौरस मीटरमध्ये पुन्हा पेरणी केली आणि या वेळी हिरवळ खरंच भरून येते आहे. फरक कशाने पडला, ते लिहून ठेवते.

आधी बियाण्याबद्दल. माझी हिरवळ मुळात बियांपासून केलेल्या साध्या हरळीची आहे, म्हणून तिच्यात हरळीचंच बी मिसळून जातं. तुमचं लॉन बारीक पात्याच्या संकरित हरळीचं असेल तर थांबा. त्यातले बरेच वाण वांझ असतात, त्यांचं बी मिळतच नाही, ते तुकडे लावूनच वाढवावे लागतात. तिथे साधं बी टाकलं तर रुंद पात्याचे, वेगळ्या रंगाचे पट्टे उठून दिसतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात. आणखी एक: सोललेलं बी लवकर रुजतं, टरफलासकट असलेलं बरंच रेंगाळतं. मी सोललेलं घेतलं.

मागची खरी चूक मात्र पाकिटावरच्या बारीक अक्षरांत सापडली. बियांवर लेप होता. शुद्ध बी वजनाच्या फक्त 49 टक्के आणि उगवणक्षमता 85 टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की जेमतेम 42 टक्के. मी चौरस मीटरला 5 ग्रॅम टाकलं होतं, म्हणजे उगवण्याजोगं बी 2 ग्रॅमच्या आसपास! यंदा त्याच प्रकारच्या पाकिटातून चौरस मीटरला 12 ग्रॅम धरलं, एकूण 480 ग्रॅम. लेप वाईट नाही, त्याने हलकं बी नीट पसरतं. फक्त हिशेब बियांचा करायचा, पाकिटाच्या वजनाचा नाही. चाचणीची तारीखही बघा. बी जुनं होत जातं तशी उगवण घटते.

पेरणीआधी पाच सेंटीमीटर खोलीवर मातीचं तापमान मोजत होते. तीन सकाळी ओळीने 22 ते 23 अंश आलं, तेव्हाच कामाला लागले. 18 अंशांच्या खाली हरळीच्या बियांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग सगळ्यात कष्टाचं काम. जुनं गवत दोन सेंटीमीटरपर्यंत कापलं आणि दंताळ्याने वाळका थर ओढून काढला. किती निघाला म्हणता! पाट्याच्या पाट्या भरल्या. मागच्या वर्षी बी या गादीवर पडलं होतं, मातीला टेकलंच नव्हतं. टणक झालेल्या जागा काट्याने टोचून घेतल्या. बी बारीक वाळूत मिसळून दोन भाग केले, एक उभा फोकला, एक आडवा. वरून चाळलेलं कंपोस्ट, अगदी चिमटीने भुरभुरावं तसं. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त खोल गेलं तर एवढ्याशा बियांना वर यायला जोर पुरत नाही.

झाडाखालची पाच-सहा हातांची जागा मी सोडून दिली. तिथे दिवसभरात तीन तासही ऊन येत नाही आणि हरळीला निदान सहा तास लागतं. तिथलं गवत सावलीने मेलं होतं. पुन्हा तेच बी टाकलं तरी तीच गत होणार.

आठवा दिवस. गुडघ्यावर बसून पाहिलं तर केसासारखे हिरवे कोंब, पण सगळीकडे सारखे नाहीत. माझ्या पावलांच्या ठशांत दाट आणि ठशांच्या मधे तुरळक. बी मातीला दाबून बसणं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसलं. पेरणीनंतर सगळीकडे फळी दाबायला हवी होती. त्याच संध्याकाळी मधल्या जागा फळीने दाबून घेतल्या आणि बाराव्या दिवशी तिथेही लव दिसू लागली.

पाणी पहिले दोन आठवडे दिवसातून तीनदा, बारीक फवाऱ्याने, माती फक्त ओलसर राहील एवढंच. बी फुगल्यावर एकदा सुकलं की मेलंच. नंतर वेळा कमी केल्या आणि पाणी खोलवर जाऊ दिलं. नत्राचं खत मुद्दाम लांबवलं, कारण आधी ते जुनं गवतच खातं आणि त्याच्या सावलीत नवी रोपं गुदमरतात. तण उगवू न देणारं औषधही अजून नाही. ते हरळीच्या बियांनाही उगवू देत नाही.

24व्या दिवशी एका रोपाने पहिलं धावतं खोड, म्हणजे जमिनीलगत पसरत जाणारं खोड, सोडलं, करंगळीच्या पेराएवढं. 26व्या दिवशी पहिली कापणी केली: साडेचार सेंटीमीटरवरून तीनवर, नव्याने धार लावलेल्या पात्याने. बोथट पातं कोवळी रोपं मुळासकट ओढतं.

आज 31वा दिवस. फाटकाजवळच्या वाटेवर अजून दोन टकलं आहेत, तिथे उद्या उरलेलं बी टाकून फळी दाबणार आहे. झाडाखाली सावली सोसणारं दुसरं गवत लावायचं आहे. कोणी अशा जागी काही टिकवलं असेल तर नक्की सांगा.